हवालदार केळुस्कर

सदानंद केळुस्कर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी दारात चपला काढल्या, पिशवीतून एक उदबत्ती काढली, पेटवली आणि कुणाकडेही न बघता घरभर फिरायला लागले. ना नमस्कार, ना नाव. धुराची रेघ जिकडे वळेल तिकडे ते वळत होते. धूर थांबला की तेही थांबत. जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यापाशी तर ते इतका वेळ उभे राहिले, की मला वाटलं यांना उभ्याउभ्याच झोप लागली. मग धुराकडे बघत, अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "खंय अडाकलंस गो बाये?"

कुठे अडकलीस गं बाई? मी दचकले. पण ते मला विचारत नव्हते. हवेला विचारत होते.

तेवढ्यात मागच्या खोलीतून माझ्या सासूबाईंचा घाबरलेला आवाज आला. "वैशाली, पोलीस गेले का गं?"

त्यात माईंची काही चूक नव्हती. सकाळी माझा नवरा, मिलिंद, ऑफिसला निघताना ओरडून सांगून गेला होता, "आज हवालदार येणारेय, घरी थांब." केळुस्करांना त्यांच्या ओळखीतले सगळे हवालदारच म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी हॉटेलांच्या, थिएटरांच्या आणि इस्पितळांच्या छतांत घुसून हवेचे रस्ते बांधले होते. हवेचा माणूस म्हणून हवालदार. पुढे त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "बरोबरच आहे. मी पण तपासच करतो."

हा तपास आमच्याकडे का निघाला, ते सांगायला हवं.

मुलुंड पूर्वेला आमचं बैठं घर आहे. चार खोल्या, एक कोठी, वर गच्ची. आजूबाजूची घरं पाडून टॉवर झाले, आमचं राहून गेलं. माझे सासरे, अप्पा, एकदा जुहूच्या एका हॉटेलात कुणाच्या तरी लग्नाला गेले आणि झपाटल्यासारखे परत आले. जेवण कसं होतं, नवरी कशी होती, काही नाही. "मशीन दिसत नाही, आवाज नाही, आणि छतातून थंडी उतरते गं," एवढंच ते माईंना पुन्हा पुन्हा सांगत राहिले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी घरात सेंट्रल एसी बसवला. छताला पत्र्याचे डक्ट, ते झाकायला खाली फॉल्स सीलिंग, प्रत्येक खोलीत भिंतीवर उंच एक जाळी, आणि कोठीच्या खोलीत या सगळ्यांना हवा पुरवणारं एक भलंमोठं धूड. तेव्हा आख्ख्या मुलुंडातून लोक ती थंडी बघायला यायचे म्हणे. थंडी बघायला! माई अजून सांगतात, येणारे आधी छताकडे बघायचे आणि मग चहा मागायचे.

अप्पा गेले. धूड म्हातारं झालं. गार करायचं, पण गारवा पोचायचा नाही. हॉलमध्ये जाळीखाली खुर्ची ओढून बसलं तर कपाळाला काहीतरी जाणवे. सगळ्यांत शेवटी असलेल्या माईंच्या खोलीत तर काहीच नाही. त्या खोलीच्या मागे नवा टॉवर उभा राहिला, तो इतका चिकटून, की खिडकी उघडली तर समोर भिंत. वाऱ्याचं नाव नाही. वेगळा एसी लावावा तर त्याचं बाहेरचं युनिट टांगायला वीतभर जागा नाही. कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, "सगळं उखडून टाका मॅडम, ही सिस्टिम मेलेली आहे."

माईंचं वय ब्याऐंशी. छाती नाजूक. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना उकाडा सोसायचा नाही. "हॉलमध्ये झोपा," असं मिलिंदने म्हटलं की त्या म्हणायच्या, "मी काय पाहुणी आहे?" शेवटी पुण्याहून माझ्या नणंदेचा, माधवीचा फोन आला. "मे महिन्याच्या शेवटी मी येतेय. तोवर खोली गार झाली नाही तर आईला घेऊन जाते. कायमची."  माईंना हे कळलं त्या दिवशी त्यांनी वरण-भातात दोनदा मीठ घातलं.

आणि मग मिलिंदच्या ऑफिसातल्या कुणीतरी केळुस्करांचं नाव सांगितलं.

पहिल्या दिवशी उदबत्ती विझल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, तो असा. "सूनबाई, या घरात कोण कुठलं दार बंद करून झोपतं?"

मी जरा गोरीमोरी झाले. त्यांनी लगेच हात हलवला. "तसलं काय नाय वो. हवेसाठी विचारतो."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी अडीचला ते आले आणि म्हणाले, पंखे बंद करा, फ्रीज बंद करा, मोबाइल बंद करा आणि सगळे हॉलमध्ये जमिनीवर आडवे व्हा. घर ऐकायचं आहे.

"काय ऐकायचंय?" मिलिंद म्हणाला.

"घर."

मिलिंदने माझ्याकडे बघितलं. मी आडवी झाले. मग तोही झाला. केळुस्करही आमच्या शेजारी उताणे पडले, हात पोटावर, डोळे मिटलेले. आतल्या धुडाची घरघर तेवढी चालू होती. लादी गार होती. पाठ टेकल्याटेकल्या जाणवलं, आपण आपल्याच घरात असं कधी निजलो नव्हतो. छत लांब गेलं होतं. कुठेतरी पत्रा हळूच टिचकत होता. कुठेतरी बारीक शीळ होती, एखादी बाई स्वयंपाक करताना स्वतःशीच घालते तशी. मग ते सगळं एकमेकांत मिसळलं आणि मला वाटायला लागलं की आपण कुठल्यातरी मोठ्या, झोपलेल्या प्राण्याच्या पोटात आहोत, आणि तो अगदी सावकाश श्वास घेतोय. किती वेळ गेला कोण जाणे. जाग आली तेव्हा उन्हाचा पट्टा शोकेसच्या पायापाशी पोचला होता आणि केळुस्कर भिंतीला टेकून बसले होते.

"मालक घोरले नसते तर अजून ऐकू आलं असतं," ते म्हणाले. "पण पहिली गोष्ट कळली. शोकेस हलवा."

हॉलमधली ती काचेची शोकेस आमच्या लग्नातली. गेली अठरा वर्षं ती त्याच भिंतीशी होती. आम्ही दोघांनी आणि केळुस्करांनी मिळून ती सरकवली, तर मागे गुडघ्याएवढ्या उंचीवर हातभर रुंदीची एक जाळी निघाली. मला तर ती तिथे आहे हेच माहीत नव्हतं.

"ही परतीची जाळी," केळुस्कर म्हणाले. "खोल्यांत गेलेली हवा इथून मशिनीकडे परत जाते. तुम्ही हवेला घरात बोलावलंत, पण परत जायला वाट ठेवली नाय. जुनी हवा निघाली नाय तर नवी येऊन बसणार कुठे? तुमच्या मांडीवर?"

त्यांनी जाळी उघडली. आतला फिल्टर बाहेर आला तेव्हा मिलिंद म्हणाला, "ही गोधडी कोणी ठेवली इथे?" ती गोधडी नव्हती, धूळ होती. पुढचे तीन दिवस केळुस्कर कोठीच्या खोलीत त्या धुडाच्या आत डोकं घालून बसले. ब्लोअरच्या चाकाची एकेक पाती त्यांनी टूथब्रशने घासली. मदत करू दिली नाही. "दुसऱ्याचा हात लागला की चाकाचा तोल जातो," म्हणायचे. आणि घासताना गप्पा. चाकाशी, माझ्याशी, कुणाशीही.

त्यांचे वडील गिरणीत होते. गिरणीत सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवावी लागते, त्या खात्यात. घरी आले की त्यांच्या सदऱ्याला ओल्या हवेचा वास यायचा. "लोकांच्या बापाच्या अंगाला तेलाचा वास, घामाचा वास. माझ्या बापाला हवेचा." हे सांगताना त्यांनी नाक असं वर केलं, की मलाही तो वास आल्यासारखा वाटला.

पंख्याचा त्यांना मनापासून राग. "पंखा म्हणजे काय? आहे त्याच हवेला थोबाडीत मारायची. ती बिचारी पळते, आपल्याला वाटतं वारा आला." चहा घ्यायला बसले की आधी वर बघून पंखा बंद करायला लावायचे आणि मग घामाने भिजत तो चहा प्यायचे. मी एकदा विचारलं, "काका, तुमच्या घरी एसी आहे?"

"नाहूरला एक खोली-स्वयंपाकघर आहे माझं. खिडकी आहे. बास."

"सगळ्या जगाला गारवा देता, आणि स्वतःला नाही?"

"मी एकटा, सूनबाई. एकट्याला कसला सेंट्रल एसी? त्याला खोल्या लागतात. खोल्यांत माणसं लागतात." आणि पुन्हा टूथब्रश घासायला लागले.

ब्लोअर साफ झाल्यावर त्यांनी पिशवीतून रेशमी धाग्यांची रिळं काढली. प्रत्येक जाळीला एकेक वीतभर धागा बांधला. हॉलमध्ये लाल, आमच्या खोलीत हिरवा, स्वयंपाकघरात पिवळा, माईंच्या खोलीत निळा. मशीन सुरू केलं. हॉलमधला लाल धागा आडवा झाला आणि फडफडायला लागला. "पास," केळुस्कर म्हणाले. आमच्या खोलीतला हिरवा तिरका झाला. "हा पण पास." पिवळा जरासा हलला. "याला ग्रेस मार्क." मी शाळेत शिकवते, त्या दिवसांत माझे पेपर तपासणं चालू होतं, त्यामुळे मला हे फार आवडलं.

मग आम्ही माईंच्या खोलीत गेलो. निळा धागा सरळ खाली लोंबत होता. देवळातल्या घंटेची दोरी लोंबते तसा, कुणी न ओढलेली. केळुस्कर कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"नापास?" माईंनी पलंगावरून विचारलं.

"नाय हो माई," ते म्हणाले. "ही गैरहजर आहे."

पुढचे दहा दिवस ती गैरहजरच राहिली. केळुस्करांनी हॉलच्या जाळीमागची झडप अर्धी मिटवली. "जवळच्यांनी जरा कमी घेतलं की लांबच्याला पोचतं," म्हणाले. मिलिंद रुसला. ऐन सामन्यांच्या दिवसांत हॉल कमी गार झाला होता. "काका, तुम्ही माझी वाट लावली यार," तो म्हणाला. केळुस्कर म्हणाले, "मालक, तुमच्या आईसाठी मॅच थोडी गरम बघा." मिलिंद शर्ट काढून बनियनवर मॅच बघायला लागला. त्यांनी दारांच्या खाली बोटभर फटी ठेवल्या, जाळ्या धुतल्या, सांधे चाचपले. निळा धागा ढिम्म.

केळुस्कर बोलेनासे झाले. सकाळी येऊन धाग्याखाली उभे राहायचे आणि त्याला विनवायचे. "ये गो बाय. भिया नको. म्हातारी वाट बघता." एकदा मी बघितलं, ते चक्क हात जोडून उभे होते. मला हसूही आलं नाही. माधवीच्या येण्याला तीन दिवस उरले होते. माईंनी, कुणी सांगितलेलं नसताना, पलंगाखालची बॅग काढून पुसून ठेवली होती.

त्या दिवशी दुपारी केळुस्करांनी पिशवी दाराशी ठेवली आणि माईंच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसले. बाहेर मे महिना रटरटत होता. खोलीत पडदे ओढलेले, अर्धवट अंधार, माईंचा कापडी पंखा हातात हलत होता. मी दारात पेपर घेऊन बसले होते.

"माई, या खोलीत तुम्ही किती वर्षं?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून. मोजलं नाही."

"मग मला सांगा, ही खोली तुम्हाला काय सांगते?"

माईंचा हात थांबला. त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. मी तर नाहीच.

"हसाल तुम्ही," त्या म्हणाल्या.

"हवेशी बोलणारा माणूस मी. मी कोणाला हसणार?"

"दुपारी सगळे झोपले ना, की इथे बाहेर, पॅसेजात, वर छतात कुणीतरी सुस्कारा टाकतं. एकसारखा. लांबलचक. मी कुणाला बोलले नाही. म्हणतील म्हातारी भ्रमली." त्यांनी पंख्याची दांडी दोन्ही हातांत धरली. "मला वाटायचं, हे असतील."

हे म्हणजे अप्पा. मी हातातला पेपर खाली ठेवला.

केळुस्कर हसले नाहीत. उठले, पॅसेजात गेले, भिंतीला कान लावला, मग शिडी लावून वर चढले आणि फॉल्स सीलिंगला गाल टेकवून डोळे मिटले. कितीतरी वेळ. मग वरूनच म्हणाले, "माई, तुम्ही भ्रमल्या नाय. मी बहिरो झालोय. चाळीस वर्षं फुकट."

संध्याकाळी मिलिंद ऑफिसातून आला तेव्हा पॅसेजच्या छताला माणूस जाईल एवढं भोक होतं, घरभर पांढरी भुकटी होती आणि भोकातून केळुस्करांचे दोन पाय लोंबत होते.

"अरे देवा, छत!" मिलिंद म्हणाला.

"मालक, वर या!" आतून आवाज आला. "स्वेटर घालून या!"

मिलिंद शिडीवर चढला, डोकं आत घातलं आणि तसाच राहिला. नंतर मीही बघितलं. वर अंधारात माईंच्या खोलीकडे जाणारा पत्र्याचा डक्ट एका सांध्यापाशी निखळला होता. दोन तोंडांमध्ये चांगली हातभर फट. आणि त्या फटीतून सगळा गारवा सुस्कारा टाकत त्या काळोख्या पोकळीत सांडत होता. किती वर्षं, कोण जाणे. माझ्या तोंडावर तो आला तेव्हा त्याला जुन्या लाकडाचा, थोडा नॅप्थलीनचा वास होता. खाली घर उकडत होतं आणि आमच्या डोक्यावर, आमच्या नकळत, थंडगार हिवाळा साठून राहिला होता.

"उंदीर स्वेटर विणत असतील इथे," केळुस्कर म्हणाले. त्यांच्या भुवयांवर प्लास्टर होतं आणि ते इतके खूश होते की दहा वर्षांनी लहान दिसत होते.

सांधा जोडायला दोन दिवस लागले. पत्र्याची पट्टी, स्क्रू, वर कॅनव्हास, त्यावर चंदेरी टेप. माधवी आली त्या दिवशी सकाळी शेवटची टेप लागली. ती घरात शिरली तीच कपाळ पुसत, "आई, बॅग भरलीस ना?" म्हणत. माई पलंगावर बसल्या होत्या. बॅग पायाशी. आम्ही सगळे दारात. केळुस्कर कोठीच्या खोलीत गेले आणि मशीन चालू केलं.

आधी काहीच नाही. मग जाळीतून थोडी धूळ उडाली. मग निळा धागा, इतके दिवस मेल्यासारखा लोंबणारा, एकदा थरथरला, तिरका झाला, आणि हळूहळू आडवा होऊन तरंगायला लागला. टॉवरकडच्या खिडकीचा पडदा फुगला. कॅलेंडरचं पान हललं. माईंच्या कानामागची पांढरी बट सुटली आणि गालावर आली. त्यांनी ती मागे सारली नाही. डोळे मिटून तशाच बसल्या. माधवीने जाळीखाली हात धरला, मग दुसरा हात धरला, मग माईंच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "आई, मी पण इथेच झोपू आज?"

बॅग पुन्हा पलंगाखाली गेली.

खरं तर इथे हवालदारांचा तपास संपला. पण ते येत राहिले. "नवा सांधा आहे, बसला की नाय बघायला हवं," म्हणून पुढच्या मंगळवारी आले. त्याच्या पुढच्या मंगळवारी "मशिनीचा पट्टा सैल होतो सुरुवातीला" म्हणून. दहा मिनिटं शिडीवर, मग तासभर माईंच्या शेजारी स्टुलावर. माई त्यांना त्या पूर्वीच्या मुलुंडातल्या विहिरी आणि चिंचेची झाडं सांगायच्या, ते त्यांना छतांच्या आतले किस्से. एका थिएटरच्या डक्टमध्ये ते दुपारभर झोपले होते आणि खाली सिनेमा चालू होता, तो त्यांनी नुसता ऐकला. माईंनी विचारलं, "मग शेवट काय झाला त्याचा?" ते म्हणाले, "शेवटाआधी जाग आली आणि कामाला लागलो. मग मीच केला एक." आणि तो त्यांनी केलेला शेवट सांगितला, त्यात सगळे एकत्र राहायला लागतात. मी स्वयंपाकघरातून ऐकत असे. त्या खोलीतला गारवा, त्या दोघांचे मंद आवाज, मध्येच भांड्याचा टण्ण आवाज, आणि सगळी दुपार कुठेतरी पाण्याखाली चालली असल्यासारखी.

चौथ्या मंगळवारी ते उठताना म्हणाले, "माई, आता सगळं पास. आता काय यायची गरज नाय."

"बरं," माई म्हणाल्या.

त्यानंतरच्या सोमवारी माई मला म्हणाल्या, "वैशाली, हवा कमी झाली गं."

मी निळा धागा बघितला. खरंच तो आडवा नव्हता, नुसता मरगळून तिरका झाला होता. हॉलमधला लालही तसाच. मी केळुस्करांना फोन केला. दुसऱ्याच दिवशी ते आले, आणि आले ते धापा टाकत, जणू कुणीतरी आजारी असल्याचं कळलं होतं. ब्लोअर बघितला. ठीक. पट्टा ठीक. मग हॉलमध्ये येऊन परतीच्या जाळीपुढे मांडी घालून बसले, जाळी उघडली, फिल्टर बाहेर ओढला आणि थांबले.

मी त्यांच्या मागे उभी होते. फिल्टरच्या पाठीमागे एक जुनं सुती लुगडं होतं. नीट घडी करून, कडा जुळवून, जाळीच्या मापाचं. तशी चौकोनी, काठ आत घेतलेली घडी या घरात फक्त एकच माणूस घालतं. माईंना शिडीवर चढता येत नाही. पण गुडघ्याएवढ्या जाळीपर्यंत, भिंतीला धरून, सगळे झोपलेले असताना, त्यांना जाता येतं.

केळुस्करांनी ती घडी दोन्ही हातांनी बाहेर काढली. मोडली नाही. मांडीवर ठेवून तिच्यावरून एकदा हात फिरवला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हे त्यांच्या कपाटात होतं तसं ठेवा. विचारू नका त्यांना काय."

मी मान हलवली. या घरात मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहते.

ते माईंच्या खोलीत गेले. निळा धागा आता पुन्हा तरंगत होता. माई भिंतीकडे बघत होत्या, शाळेत पकडलेल्या मुलीसारख्या.

"काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"फार अवघड फॉल्ट होता, माई," केळुस्कर गंभीरपणे म्हणाले आणि स्टूल ओढलं. "काढला मी. पण हा परत येणाऱ्यातला आहे. याच्यावर लक्ष ठेवायला लागेल. दर मंगळवारी."

"दर मंगळवारी?"

"नायतर मशीन बिघडेल."

माईंनी पदराने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "मग तुम्ही येत जा," त्या म्हणाल्या. "वैशाली, चहा टाक. आणि तो पंखा बंद कर गं, त्यांना आवडत नाही."

संध्याकाळी मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. गल्लीत टॉवरच्या सावल्या पडल्या होत्या. ते चपलेचा अंगठा चाचपत उभे राहिले. निघेनात.

"सूनबाई, एक सांगू? रागवायचं नाय."

"सांगा ना, काका."

"मागच्या खेपेला मी निघालो ना, तेव्हा कोठीतल्या मशिनीचा एक स्क्रू ढिलो ठेवून गेलो होतो. मुद्दाम. धोका काय नव्हता, नुसता खडखडला असता. म्हटलं, खडखडला की तुम्ही बोलवाल." ते गल्लीकडे बघत होते. "आठवडाभर फोनजवळ बसलो. वाजलाच नाय तो. तोवर माईंनीच बोलावलं."

मी विचारलं, "मग तो स्क्रू आज घट्ट केलात ना?"

केळुस्करांनी पिशवी खांद्याला लावली.

"राहूंदे," ते म्हणाले. "मंगळवारी करतंय."